आसेकियाच्या काठावरचं घर

कापिलेइरातल्या पहिल्याच सकाळी मी एका घराच्या छपरावर उभा होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. गल्ली वळली, पुढे करड्या मातीचं सपाट अंगण दिसलं, त्यापलीकडे खोल दरी. फोटो काढायला चार पावलं पुढे गेलो आणि पायाखालून आवाज आला. धुराड्याच्या बाजूनं वाकून पाहिलं, तर खाली दारात एक आजी केरसुणी घेऊन उभी. माझं स्पॅनिश जेमतेम, पण ‘खाली उतर’ हे कळायला फारशी भाषा लागत नाही.

वळसा घालून तिच्या दाराशी गेलो, माफी मागितली. तिनं आधी माझे बूट पाहिले, मग तोंडाकडे पाहिलं. “घर बघायला आलायस का?”

“नाही, नुसता फिरायला.”

“सगळे आधी तसंच म्हणतात,” आजी म्हणाली आणि केर काढायला वळली.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ग्रानादाहून निघालेली बस दक्षिणेकडे उतरते, बाटलीबंद पाण्यासाठी साऱ्या स्पेनला ठाऊक असलेलं लांखारोन मागे टाकते, ओर्खिवात थांबते आणि मग नागमोडी घाट चढायला लागते. त्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक इंग्रज जोडपं मांडीवर घरांच्या जाहिरातींची कात्रणं पसरून बसलं होतं. घाटाच्या वळणावळणावर भिंतींना ‘विकणे आहे’ अशा पाट्या होत्या आणि प्रत्येक पाटीपाशी त्यांच्या माना एकदमच वळत होत्या.

या प्रदेशाचं नाव आल्पुखारा. सिएरा नेवादा पर्वताची ही दक्षिण उतरण. माथ्यावर 3,479 मीटर उंचीचं मुलासेन, स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच शिखर; ग्रानादाच्या शेवटून दुसऱ्या मुस्लिम सुलतानाला त्यावर पुरलं अशी दंतकथा आहे आणि नावही त्याचंच. शिखराच्या कुशीतल्या पोकेइरा दरीच्या एका काठावर पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही तीन गावं एकावर एक रचल्यासारखी बसली आहेत. खालचं साधारण 1,050 मीटरवर, वरचं 1,430 च्या आसपास.

माझी छपरावरची चूक या उतारामुळेच झाली. वरच्या गल्लीची पातळी म्हणजे खालच्या घराचं छप्पर. हे छप्पर पूर्ण सपाट असतं, त्याला इथं ‘तेर्राओ’ म्हणतात. चेस्टनटच्या लाकडाचे वासे, त्यावर फळ्या किंवा वेताची चटई, त्यावर पातळ दगडी फरश्या आणि सगळ्यात वर ‘लाउना’ नावाच्या करड्या, चमकदार मातीचा थर. ही माती पाटीच्या दगडाची झीज होऊन बनलेली. ओली झाली की घट्ट बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. लाउना पसरायची ती चंद्र उतरता असतानाच, नाहीतर छप्पर गळतं, असं जुनी माणसं सांगतात.

मराठवाड्यात किंवा खानदेशात ज्याचं आजोळ आहे त्याला हे सगळं नवं वाटणार नाही. आपल्या माळवदावर, धाब्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो आणि पावसाळ्याआधी तो नव्यानं घालावा लागतो. वाळवणंसुद्धा तिथेच. आल्पुखारातल्या तेर्राओवर मिरच्या, अंजिरं आणि मका वाळतो, एवढाच फरक. अशीच छपरं समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतातल्या बर्बर खेड्यांत आहेत आणि तो योगायोग मुळीच नाही.

घराच्या खोल्यांची रुंदी वाशाच्या लांबीवर ठरते. म्हणून खोल्या अरुंद, भिंती जाड दगडी, खिडक्या लहान. कुटुंब वाढलं की शेजारी आणखी एक अरुंद खोली जोडायची. जागा नसेल तर गल्लीवर तुळया टाकून वरच खोली काढायची. त्या खालच्या सावलीच्या बोळाला ‘तिनाओ’ म्हणतात. होता होता एकाची बैठकीची खोली दुसऱ्याच्या गोठ्यावर येते. ग्रानादा भागात या गुंत्याला खास शब्द आहे, ‘एंगालाबेर्नो’. ऐकायला गमतीचा. घर घेणाऱ्याला तो दस्तऐवजात भेटतो तेव्हा गंमत संपते.

बाहेरून येऊन इथं घर करण्याची परंपरा मात्र इंग्रजांच्या फार आधीची आहे. 1492 मध्ये ग्रानादा पडलं. इथले मुसलमान पुढे सक्तीनं ख्रिस्ती केले गेले, त्यांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. त्यांची भाषा, पोशाख, न्हाणीघरं यांवर बंदी आली तेव्हा, 1568 मध्ये, आल्पुखारानं बंड केलं. ते 1571 पर्यंत चिरडलं गेलं आणि मोरिस्कोंना इथून उठवून कास्तीलभर विखुरलं गेलं. डोंगरातली गावंच्या गावं ओस पडली. मग राजा दुसरा फिलिप यानं उत्तरेतून, गॅलिसिया, लेओन, कास्तीलमधून, नवी कुटुंबं आणून वसवली. कोणाला कुठलं घर, किती ऑलिव्ह, किती तुतीची झाडं, हे लिहिलेल्या वाटपाच्या वह्या अजून दप्तरांत जपून ठेवलेल्या आहेत. घराचा मूळ मालक गेलेला, नवा मालक अनोळखी आणि मध्ये एक सरकारी वही, अशी इथल्या बहुतेक घरांची पहिली नोंद आहे.

प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं मुद्दाम मागे ठेवली होती, असं इथं सांगतात. का, तर नव्या माणसांना पाण्याचे पाट चालवता येत नव्हते. त्या पाटांकडे पुढे येतोच.

विसाव्या शतकातला पहिला गाजलेला पाहुणा जेराल्ड ब्रेनन. पहिल्या महायुद्धातून सुटलेला हा इंग्रज तरुण सुमारे दोन हजार पुस्तकं घेऊन 1920 साली येखेन या गावी एका भाड्याच्या घरात राहायला आला. पैसे कमी आणि वाचायचं खूप, म्हणून खेडं निवडलेलं. त्याला भेटायला लेखक लिटन स्ट्रेची आला आणि खेचरावरच्या प्रवासानं पार हैराण झाला. 1923 मध्ये व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ आले, त्यांना ते आवडलं. त्या गावावर ब्रेननचं ‘साउथ फ्रॉम ग्रानादा’ हे पुस्तक 1957 साली निघालं. गावातल्या त्या घरावर आज त्याच्या नावाची फरशी आहे.

नंतरचा पाहुणा ख्रिस स्ट्यूअर्ट. ‘जेनेसिस’ या रॉक बँडचा हा पहिल्यावहिल्या दिवसांतला ड्रमवादक. 1968 मध्ये बँडमधून बाहेर पडला, पुढे मेंढ्यांची लोकर कातरायचं काम शिकला आणि 1988 मध्ये ओर्खिवाजवळ ‘एल वालेरो’ नावाचं शेत घेऊन बसला. शेत नदीच्या भलत्याच काठावर. रस्ता नाही, वीज नाही, नळ नाही. पूर आला की पलीकडे जाणं बंद. त्यात घर विकणारा म्हातारा विकूनही तिथेच मुक्काम ठोकून. 1999 मध्ये आलेलं त्याचं ‘ड्रायव्हिंग ओव्हर लेमन्स’ तुफान खपलं आणि आल्पुखारात घर शोधणाऱ्यांची रीघ लागली. त्या पुस्तकात उकाडा, विंचू, पूर आणि फसगत यांचीच पानं जास्त आहेत. वाचकांच्या डोळ्यांसमोर मात्र लिंबं राहिली.

आणखी एक नाव भारतीयाला इथं अवचित भेटतं. बुबिओनच्या समोरच्या डोंगरावर ‘ओ सेल लिंग’ नावाचं तिबेटी बौद्ध साधनाकेंद्र आहे. 1982 मध्ये दलाई लामा तिथं येऊन गेले. बुबिओनमध्ये राहणाऱ्या एका स्पॅनिश दांपत्याला 1985 साली झालेला मुलगा हा लामा थुबतेन येशे यांचा पुनर्जन्म मानला गेला. ओसेल हे त्याचं नाव. त्याचं पुढचं शिक्षण कर्नाटकात बैलकुप्पेच्या सेरा मठात झालं. आल्पुखाराच्या बाजारात प्रार्थनेच्या पताका आणि डुकराच्या मांड्या एकाच दोरीवर टांगल्यासारख्या दिसतात त्याचं कारण हे.

इतकी माणसं येत असताना गावं रिकामी कशी, हा प्रश्न मी त्या आजीला दुसऱ्या दिवशी विचारला. (पहिल्या दिवशीचा राग ओसरला होता, मी बूट दाराबाहेर काढून उभा राहिलो याचं तिला फार हसू आलं.) तिनं बोटं मोजली. पाच भावंडं. एक बार्सेलोनात, एक जर्मनीत, दोघं ग्रानादात. 1950 ते 1970 या काळात स्पेनच्या खेड्यांतून असेच लोंढे कारखान्यांकडे, फ्रान्सकडे, स्वित्झर्लंडकडे गेले. आज स्पेनमधल्या आठ हजारांवर नगरपालिकांपैकी सुमारे पाच हजारांत हजारपेक्षा कमी माणसं राहतात. 2016 मध्ये सेर्खिओ देल मोलिनो या लेखकानं ‘ला एस्पान्या बासिया’, म्हणजे ‘रिकामा स्पेन’, या नावाचं पुस्तक लिहिलं. 31 मार्च 2019 रोजी या भागांतली माणसं माद्रिदच्या रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांनी शब्द थोडा बदलला: रिकामा नाही, ‘रिकामा केलेला’ स्पेन.

गाव भरण्यासाठी लोकांनी काय काय केलं याच्या कहाण्या स्पेनभर सांगतात. पिरेनीज पर्वतातल्या प्लान गावच्या ब्रह्मचाऱ्यांनी टीव्हीवर एक जुना हॉलिवूडपट पाहिला. त्यात बायकांचा तांडा पश्चिमेकडच्या वसाहतीत लग्नासाठी जातो. मंडळींनी पेपरात जाहिरात दिली आणि मार्च 1985 मध्ये खरोखरच बायकांनी भरलेली बस गावात आली. गावजेवण झालं, नाच झाला, काही लग्नंही झाली. तेरुएल प्रांतातल्या आगुआविवाच्या महापौरानं 2000 साली अर्जेंटिना आणि रुमेनियातल्या मुलाबाळांच्या कुटुंबांना घर आणि काम देऊ करून बोलावलं. पोर्तुगालच्या सीमेवरचं साल्तो दे कास्त्रो तर अख्खंच विकायला निघालं: जलविद्युत कामगारांसाठी बांधलेलं गाव, 44 घरं, चर्च, शाळा, पोहण्याचा तलाव. 2022 मध्ये जाहिरातीतली किंमत होती 2,60,000 युरो. मुंबईच्या उपनगरात तेवढ्यात दोन-तीन खोल्या येतील.

आता विरोधाभास असा, की गावात निम्मी दारं बंद आणि तरी विकाऊ घर सहजी मिळत नाही. स्पेनच्या वारसा कायद्यानं मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग मुलांसाठी राखीव असतो. दोन पिढ्यांत एका घराला दहा-बारा मालक होतात. त्यातला एक अर्जेंटिनात, एकाचा पत्ता नाही, एक वारला पण त्याच्या वारसांची नोंद झालेली नाही. सात-बाऱ्यावरच्या नावांची रांग पाहिलेल्या मराठी माणसाला याचं भाषांतर करून सांगावं लागत नाही. शिवाय ऑगस्ट. वर्षभर कुलूप असलेलं घर ऑगस्टमध्ये गावच्या जत्रेला उघडतं. नातवंडं येतात, भिंतींना चुना लागतो, रात्री चौकात नाच होतो. आठ दिवसांनी पुन्हा कुलूप. कोकणात गणपतीपुरती उघडणारी घरं आठवून बघा. अशा घराची किंमत विचारली तर मालक दुखावला जातो.

त्या आजीच्या घराचंही असंच होतं. कागदावर ते अजून तिच्या वडिलांच्या नावावर होतं आणि वडील जाऊन तीस वर्षं झाली होती.

समजा, सगळे वारस एका टेबलाशी आले. मग कागदांचा घाट सुरू होतो. परदेशी माणसानं आधी पोलिसांकडून ओळख क्रमांक घ्यायचा. मग ‘आरास’ म्हणजे इसारपावती, साधारण किमतीच्या दहा टक्क्यांची. स्पेनच्या दिवाणी संहितेचं 1454 वं कलम इथं लागू केलेलं असलं तर हिशेब सोपा: घेणारा मागे फिरला तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. अखेरीस ‘नोतारियो’समोर दस्त. आपल्याकडच्या, कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणाऱ्या नोटरीशी याची गल्लत करू नये. हा मोठा अधिकारी, तो दोन्ही पक्षांची ओळख तपासतो आणि अख्खा दस्त मोठ्यानं वाचून दाखवतो. जुन्या घरावर आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्यात येतं त्या प्रदेशात, हस्तांतरण कर सात टक्के. नवं घर असेल तर दहा टक्के मूल्यवर्धित कर.

खरी मेख मोजमापात असते. कराच्या नकाशाची नोंद वेगळ्या कचेरीत, मालकीची नोंद वेगळ्या कचेरीत, आणि मालकीची नोंद करणं सक्तीचं नाही. त्यामुळे एका कागदावर घर ऐंशी मीटरचं, दुसऱ्यावर दीडशेचं, आणि प्रत्यक्षात तिसरंच. जुन्या दस्तात चतुःसीमा दिलेली असते: उत्तरेला अमक्याचे वारस, पूर्वेला तमक्याची विधवा, दक्षिणेला पाट. ती विधवा 1931 सालची असते.

शेतजमीन बरोबर असेल तर आणखी एक कलम, 1523 वं. एक हेक्टरपेक्षा लहान शेतजमीन बाहेरच्याला विकली गेली तर लागून असलेल्या शेतकऱ्याला तेवढीच किंमत मोजून ती स्वतःकडे ओढून घेता येते. नोंदणी झाल्यावर नऊ दिवसांची मुदत. म्हणजे दस्त झाला, किल्ल्या मिळाल्या, तरी नऊ दिवस शेजाऱ्याकडे बघत बसायचं. यातून सुटका एकच: दोन जमिनींमध्ये ओढा, घळ, रस्ता किंवा पाण्याचा पाट असला तर हा हक्क चालत नाही. जुन्या दस्तातला ‘दक्षिणेला पाट’ असा शेतकऱ्याच्याच नव्हे, वकिलाच्याही कामी येतो.

सगळ्यात मोठा खड्डा ‘रुस्तिको’ या एका शब्दात आहे. गावठाणाबाहेरची जमीन ती रुस्तिको; तिच्यावर मनास येईल तसं घर बांधता येत नाही. 1990 नंतरच्या तेजीत आंदालुसियात अशा जमिनींवर प्रचंड संख्येनं घरं उभी राहिली, कित्येकदा स्थानिक नगरपालिकेच्या परवानगीसह. पुढे प्रादेशिक सरकारनं त्या परवानग्या बेकायदा ठरवल्या. आल्मेरिया प्रांतात वेरा इथं 9 जानेवारी 2008 रोजी एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं घर बुलडोझरनं पाडलं. नगरपालिकेची परवानगी त्यांच्या हातात होती. गॅरेज आणि तलाव तेवढा वाचला. ती दोघं गॅरेजमध्ये राहू लागली. त्या भागातल्या घरमालकांनी संघटना बांधली, वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि 2015 मध्ये फौजदारी कायदा बदलला: सद्भावनेनं घर घेणाऱ्याची भरपाई सुरक्षित केल्याशिवाय पाडकाम न करण्याचा मार्ग न्यायाधीशांना मिळाला. जुन्या अनियमित घरांना ‘नियमबाह्य पण राहण्याजोगं’ असा मधला दर्जा देण्याची सोयही आंदालुसियात झाली. अशा घराला वीज-पाणी मिळतं. नवी खोली काढायची म्हटली तर नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बुबिओनच्या वरच्या अंगाला पाटाच्या कडेनं चालत होतो. हात-दीड हात रुंद, मातीचा. चेस्टनटच्या मुळांतून, ब्लॅकबेरीच्या काट्यांखालून सरकत जाणारा. याला म्हणतात ‘आसेकिया’. शब्द अरबी. इथं पाण्याचे आणि शेतीचे बहुतेक शब्द अरबीच आहेत: पाण्याचं टाकं ‘आल्खिबे’, तळं ‘आल्बेर्का’, तेलघाणा ‘आल्मासारा’. त्याच वाटेनं पूर्वेकडचेही शब्द आले. नारिंग इथं ‘नारांखा’ होतं, शर्करा ‘आसूकार’ होते आणि आपलं वांगं, संस्कृत, फारसी, अरबी असं फिरत, ‘बेरेनखेना’ नावानं तळणीत पडतं.

आसेकिया दोन प्रकारच्या. एक शेताला पाणी देणाऱ्या. दुसऱ्या, उंचावरच्या, ‘कारेओ’च्या. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा ते पाणी सरळ नदीला जाऊ न देता डोंगराच्या अंगानं वळवून, खडकाच्या भेगा असतील अशा ठिकाणी सोडून देतात. पाणी जमिनीत मुरतं आणि आठवड्यांनी, महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून वर येतं. इथले लोक याला ‘पाणी पेरणं’ म्हणतात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतीभिंतींवर वाचत मोठा झालेला माणूस या शब्दापाशी थांबतोच. फरक एवढा, की इथं हे हजार वर्षांच्या आसपास चाललं आहे.

चाललं होतं, म्हणायची पाळी आली होती. माणसं गेली तसे पाट बुजले. ओर्खिवाच्या वर कान्यार नावाचं गाव आहे. तिथली बार्खास आसेकिया 1980 च्या दशकापासून बंद पडलेली. 2014 मध्ये ग्रानादा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ खोसे मारिया मार्तिन सिव्हान्तोस यांच्या पुढाकारानं सुमारे 180 स्वयंसेवक आणि गावकरी महिनाभर फावडी घेऊन उतरले. पाणी परत आलं. त्यांच्या गटानं पुढे आणखी कितीतरी पाट मोकळे केले आहेत.

घर घेणाऱ्या नव्या माणसाला हे सगळं समजतं ते ‘कोमुनिदाद दे रेगान्तेस’च्या बैठकीत, म्हणजे पाणी वापरणाऱ्यांच्या मंडळात. जमिनीबरोबर पाण्याचा हिस्सा येतो आणि तो तासांत मोजतात: अमक्या वारी, इतक्या वाजल्यापासून इतके तास. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला कंदील, नाहीतर आता कपाळावरचा दिवा, घेऊन पाटाचं दार उघडायला जायचं. ‘आसेकियेरो’ हा त्याचा राखणदार. पांझरेच्या काठच्या फड पद्धतीतला पाटकरी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा माणूस लगेच ओळखू येईल. काम तेच, भांडणंही तीच. वर्षातून एकदा पाट साफ करायचा. प्रत्येक मालकानं आपल्या हिश्शाप्रमाणे स्वतः यायचं, नाहीतर मजूर द्यायचा, नाहीतर पैसे भरायचे.

गावात परदेशी माणसाविषयी मत बनतं ते याच दिवशी. माझी मुक्कामाची घरमालकीण मूळची डच, वीस वर्षांपूर्वी आलेली. पहिली तीन वर्षं तिनं साफसफाईचे पैसे भरले आणि लोक तिला ‘ती परदेशी बाई’ म्हणत. चौथ्या वर्षी फावडं घेऊन गेली. दुपारी तिला सगळ्यांबरोबर सावलीत बसवलं, सॉसेज आणि वाइनची बाटली पुढे सरकवली. तिच्या ऑलिव्हची पाळी मध्यरात्रीची होती, ती पुढच्या हंगामात कुणीतरी न मागता पहाटेशी बदलून दिली. तिनं हे सांगितलं तेव्हा दस्ताच्या दिवसाची तारीख तिला आठवत नव्हती, पाट साफ केल्याची होती.

आंदालुसिया म्हणजे ऊन, हा समज नोव्हेंबरात उतरतो. तेराशे मीटरवर रात्री गोठतात. जाड दगडी भिंत उन्हाळ्यात थंड ठेवते तशी हिवाळ्यातही थंडच ठेवते. शेगडीला बदाम आणि ऑलिव्हचं लाकूड, गिझरला ब्यूटेनचा नारिंगी सिलिंडर, तोही खांद्यावरून. गल्ल्यांत गाडी जात नाही. पाव आणि मासळी घेऊन येणारी व्हॅन हॉर्न वाजवते. डॉक्टर ठरल्या दिवशी येतात. जेवण थंडीला साजेसं: ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवलेले बटाटे, त्यावर अंडं, रक्ताचं सॉसेज, चोरिझो आणि त्रेवेलेसचं हॅम, सगळं एकाच ताटात. शाकाहारी माणसानं बटाटे मागावेत आणि बाकीचं आधीच नको म्हणून सांगावं.

कागदी बाजू इथंही पाठ सोडत नाही. गावात राहायला आल्यावर नगरपालिकेच्या ‘पाद्रोन’वर, रहिवाशांच्या यादीत, नाव घालायचं. सरकारी पैसा या डोक्यांवर मिळतो, म्हणून लहान गावचा महापौर नव्या कुटुंबाकडे, विशेषतः मुलं असलेल्या, फार प्रेमानं बघतो. शाळा बंद पडू द्यायची नसेल तर दोन मुलंही पुरतात. नोकरी नसलेल्या परदेशी माणसाला पाद्रोनवर वर्ष काढल्यावर सरकारी आरोग्यसेवा विकत घेता येते: 65 वर्षांखाली महिना 60 युरो, त्यावर 157.

भारतीयासाठी गणित आणखी वेगळं. घर घेतलं म्हणून राहायचा परवाना मिळत नाही. पाच लाख युरोंच्या मालमत्तेवर 2013 पासून मिळणारा ‘गोल्डन व्हिसा’ 3 एप्रिल 2025 रोजी बंद झाला. घरांच्या किमती चढवल्या असा त्यावर आरोप होता. आता निवृत्त किंवा व्याजावर जगणाऱ्यानं महिना 2,400 युरो उत्पन्न दाखवून काम न करण्याच्या अटीवर व्हिसा मागायचा, किंवा परदेशी कंपनीसाठी लॅपटॉपवर काम करणाऱ्यानं 2022 च्या स्टार्टअप कायद्यातला व्हिसा. भारतातून पैसे नेण्यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. आल्पुखारातल्या घराला ती आडवी येत नाही. अडचण येते ती हिवाळ्यातल्या एकटेपणाची, आणि म्हातारपणाची.

म्हातारपणाचा सगळ्यात विलक्षण किस्सा ब्रेननचाच आहे. येखेन सोडून तो पुढे मालागाजवळ राहिला, लिहीत राहिला, नव्वदीला पोचला. 1984 मध्ये त्याला लंडनजवळच्या पिनर इथल्या वृद्धाश्रमात हलवलं गेलं. बातमी स्पेनमध्ये फुटली आणि गहजब झाला: आमच्यावर एवढं लिहिणारा माणूस इंग्लंडात का मरावा? आंदालुसियाच्या सरकारनं त्याला परत आणलं आणि आलाउरीन एल ग्रान्देच्या घरी त्याच्या देखभालीची व्यवस्था केली. 1987 मध्ये तो तिथेच गेला.

परतीच्या सकाळी आजीच्या दारावरून उतरलो. शेजारचं घर विकाऊ होतं, बसमधलं ते इंग्रज जोडपं दलालाबरोबर ते बघत होतं. बाई खिडकीतून दरीचे फोटो काढत होती, दलाल मे महिन्यातल्या फुलांबद्दल बोलत होता. छपरावरची लाउना कधी बदलली, हे कुणी विचारलं नाही. पाण्याची पाळी कोणत्या वारी, तेही नाही. आजी केरसुणी टेकवून ऐकत होती.

म्हणून कुणी खरोखर निघालंच, तर फेब्रुवारीत जावं, पाऊस पडत असताना. दलालाच्या आधी आसेकियेरोला भेटावं. दस्तातली दक्षिणेची सीमा दोनदा वाचावी. आणि करड्या मातीचं सपाट अंगण दिसलं, तर त्यावर पाय ठेवण्याआधी खाली कोण राहतं ते बघावं.